चिनी भाषेत अट कशी घालावी

पहिली सूचना: आपले 'जर' आणि 'तर' चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवा. किंवा 'तर' असू द्या, तो लागेल.

चिनीत 'जर' म्हणजे 'रूग्वो'. नवशिका विद्यार्थी वाक्याच्या तोंडाशी रूग्वो ठोकतो, अटीच्या शेवटी 'त ह्वा' असं शेपूट लावतो आणि पुढच्या भागात 'ज्यौ' बसवतो. वाक्य अगदी शुद्ध होतं. फक्त ते जुळेपर्यंत पाऊस पडून थांबलेला असतो.

ज्यौ म्हणजे आपला 'तर', पण त्याची जागा वेगळी. मराठी माणूस इथं हमखास घसरतो. 'तर मी जाणार नाही' याच चालीवर तो 'ज्यौ वो बू छ्यू' म्हणून मोकळा होतो. चूक! कर्ता आधी, ज्यौ त्याच्या मागे: 'वो ज्यौ बू छ्यू'.

क्रियापदाचं काय करायचं? काहीच नाही. आपल्याकडे 'आला तर' आणि 'आला असता तर' यांत हळहळ मापून मिळते. चिनी पाऊस 'श्या-यू'. उद्याचाही तोच, काल न पडलेलाही तोच. त्यावरून अल्फ्रेड ब्लूम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये पुस्तकच लिहिलं, की चिनी भाषकांना 'न घडलेल्या'चा विचार जड जातो. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरी आउ यांनी दाखवलं, की ब्लूम यांनी प्रयोगात वाचायला दिलेल्या गोष्टींचं चिनीच ओबडधोबड होतं. हळहळायचंच असेल तर 'त्साव चर-ताव' म्हणा, शब्दशः 'लवकर ठाऊक'. चिनी माणूस त्यावर पोटभर हळहळतो.

लग्नाच्या बोलणीत मात्र जपून. 'चर-याव' म्हणजे 'असलं की झालं', 'चर-यौ' म्हणजे 'असेल तरच'. फ्लॅटच्या आधी चर-याव लावलंत, तर फ्लॅट दिसताच तुम्ही बांधले गेलात. चर-यौ लावा (मागून ज्यौऐवजी 'त्साय' येतो), म्हणजे गाडी आणि सासूचा स्वभाव यांवर बोलायला वाव राहतो.

सरतेशेवटी सगळी अवजारं फेकून द्या. 'श्या-यू, बू छ्यू.' पाऊस, नाही जात. अट कुठं आहे ते ऐकणारा शोधेल. बीजिंगचा मित्र मेट्रो स्थानकाबाहेर भेटायचं ठरवताना म्हणेल, 'बू च्येन बू सान': भेट नाही, पांगणं नाही. म्हणजे तुम्ही येईपर्यंत तो हलणार नाही. तेवढ्यात आभाळ भरून येईल, आणि तुम्ही तर त्याला आधीच व्याकरणशुद्ध चिनीत 'वो ज्यौ बू छ्यू' सांगून बसलेले असाल.