अंगठेबहाद्दरांचे वाचनशास्त्र

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मराठीत, ज्याला सही करता येत नाही आणि म्हणून जो शाई लावलेला अंगठा कागदावर उमटवतो, अशा निरक्षर माणसासाठी रूढ झाला. साक्षरतेच्या प्रसाराबरोबर तो शब्दकोशापुरता उरेल असे वाटत असतानाच मोबाइलने त्याला नवे आयुष्य दिले, आणि आता पदव्यांची भेंडोळी बाळगणारा वाचकही वाचनाचा सारा व्यवहार अंगठ्यानेच उरकतो. फरक एवढाच की जुना अंगठा कागदावर टेकत असे. नवा कशावरच टेकत नाही.

हा न टेकणारा अंगठा क्षणभर कसा थांबवावा, याचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याचा पाया अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्ये घातला असे मानतात. माहिती विपुल झाली की ती जे खाऊन जगते ते, म्हणजे माणसाचे लक्ष, दुर्मीळ होते, असे त्यांचे साधे प्रतिपादन होते. सायमन यांनी ही अडचण म्हणून सांगितली. पुढच्या पिढीने तिचे दुकान काढले. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या एका अहवालात माणसाचे लक्ष 8 सेकंद आणि गोल्डफिश माशाचे 9 सेकंद टिकते असे छापून आले. त्या माशासमोर घड्याळ धरून नेमके कोण बसले होते, याचा शोध पत्रकारांनी पुढे घेतला तेव्हा काही हाती लागले नाही. पण तोवर हा आकडा प्रत्येक कार्यशाळेच्या पहिल्या स्लाइडवर जाऊन बसला होता, आणि तो खोडण्याइतका वेळ 8 सेकंदांत कोणाला मिळणार?

मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांनी या शास्त्रात घातलेली भर मात्र व्याकरणाची आहे, आणि तिची नोंद अभ्यासकांनी अद्याप पुरेशी घेतलेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठीचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून शाळेत शिकवले जाते ते असे की नामाऐवजी जे येते ते सर्वनाम, आणि नामाचा पुनरुच्चार टाळावा हे त्याचे प्रयोजन. ‘‘या’ अभिनेत्रीने केले ‘ते’ काम, कारण वाचून व्हाल थक्क’ या धाटणीच्या मथळ्यात सर्वनामाचे प्रयोजन पालटून नामाचा पहिलाच उच्चार टाळणे हे होते. एकेरी अवतरणचिन्हांत कोंडलेले हे ‘या’ आणि ‘ते’ म्हणजे मालकाचा पत्ता नसलेली सर्वनामे असून, त्यांचे नाम चार जाहिराती, दोन छायाचित्रे आणि ‘हेही वाचा’ अशी एक चौकट ओलांडल्यावर सातव्या परिच्छेदात सापडते, आणि ‘ते’ काम म्हणजे त्या अभिनेत्रीने केस कापले एवढेच निघते. थक्क व्हायचे ते वाचक झालेला असतो. कारण वेगळे, इतकेच.

मथळ्यातून प्रश्न टाकून वाचकाला अडवण्याची रीत अर्थातच जुनी आहे. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तील 1897 चा मथळा आजच्या कोणत्याही मथळाकाराला हेवा वाटावा असाच आहे, पण त्या मथळ्याखाली प्रश्नाचे उत्तर होते, आणि असे लिहिणाऱ्या टिळकांना त्याच वर्षी, वेगळ्या मजकुरावरून का होईना, राजद्रोहाच्या खटल्यात 18 महिन्यांची शिक्षा झाली. आजच्या मथळाकाराला अंगठा पुढे सरकेल यापलीकडे कसलीही भीती नसते.

अंगठा सतत सरकता राहावा याची सोय 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने शोधलेल्या ‘अनंत स्क्रोल’ने, म्हणजे तळ येऊच न देणाऱ्या पानाने, करून ठेवली, या शोधाचा पश्चात्ताप त्याने पुढे जाहीरपणे व्यक्त केला, तोही लोकांनी स्क्रोल करतच वाचला. पोथीकाराची युक्ती नेमकी उलट होती. पोथीला शेवट असे, आणि धनधान्य, संतती, आरोग्य अशा लाभांची यादी, जिला फलश्रुती म्हणतात, ती त्या शेवटाशीच बांधलेली असे, त्यामुळे मधले अध्याय गाळणाऱ्याला आपण नेमके काय गमावतो हे ठाऊक असे.

चुळबुळ्या श्रोत्याला बसवून ठेवण्यात मात्र नारदीय कीर्तनकाराइतका मुरलेला मनुष्य महाराष्ट्राने दुसरा पाहिला नसेल. कीर्तनाचे दोन भाग असतात: पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्वनिरूपण, आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. श्रोते येत ते गोष्टीसाठी, हे बुवांना पक्के माहीत असे, आणि म्हणूनच गोष्ट मागे ठेवलेली असे. ‘पहिल्या तीन सेकंदांत सर्वांत चटकदार भाग दाखवा’ असे बजावणाऱ्या आजच्या सल्लागाराने बुवांना पहिल्याच दिवशी नापास केले असते. निरूपण जड होऊन माना डुलू लागल्या की बुवा झांजा-मृदंगासह नामाचा गजर सुरू करीत, टाळ्या वाजवायला लावून मंडळींना जागे करीत, आणि मध्यंतरात बुक्का लावून घेऊन ताज्या दमाने हरिश्चंद्राला स्मशानात उभा करीत. शिवाय मधूनच उठणाऱ्याकडे सगळी आळी वळून पाही. लाज ही वाचक टिकवण्याची फार स्वस्त यंत्रणा होती, जी पडद्यावर अजून कोणाला बसवता आलेली नाही.

तरीही काही जण झोपतच, आणि त्यांची गणना श्रोत्यांतच होई, हे मान्य केले पाहिजे. फेसबुकने आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तीन सेकंद डोळ्यांसमोरून गेला की तो ‘पाहिला’ असे धरण्याचा नियम केला, तो पाहता हिशेबाची ही पद्धत दोन्हीकडे सारखीच ठरते. भेद आहे तो वाटपात. खांबाला टेकून घोरणाऱ्या श्रोत्यालाही आरतीनंतर कोणीतरी हलवून जागे करी आणि खोबरे-साखरेची खिरापत त्याच्याच हातावर पडे. तीन सेकंदांच्या प्रेक्षकाची खिरापत जाहिरातदाराकडून परस्पर कंपनीच्या खात्यावर जमा होते, आणि त्याला हलवून जागे करणे तर कोणाच्याच हिताचे नसते.