मे महिन्यात दुबईला जावे

दुबईला जायचा विषय निघाला की घरात एक तरी शहाणा माणूस पुढे येतोच. तो म्हणतो, डिसेंबरात जा, मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकलेला असतो. मग म्हणतो, एवढ्या पैशात कोकण दोनदा होईल. त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, त्याला चहा द्यावा आणि मे महिन्याचीच तिकिटे काढावीत. मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि हॉटेलांचे दर हिवाळ्यापेक्षा उतरलेले असतात, ही कारणे खरी आहेत, पण ती दुय्यम. मुख्य कारण वेगळे आहे. दुबई हे शहर शहाण्या माणसांचे ऐकले नाही म्हणून उभे राहिले. ते बघायलाही तसेच जायला हवे.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडते. शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांच्या कानांवर ते पडले नसावे, हे दुबईचे भाग्य. १९५८ साली ते गादीवर आले तेव्हा दुबईची खाडी गाळाने भरत चालली होती. मोती, मासे, थोडा व्यापार, एवढीच गावाची मिळकत. शेखसाहेबांनी कुवेतकडून कर्ज घेतले आणि खाडी उपसायला काढली. खर्च गावाच्या वर्षाच्या उत्पन्नाहून मोठा होता. १९६१ पर्यंत काम झाले. तेल सापडले १९६६ साली, म्हणजे कर्ज आधी आणि तेल नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण तेल आहे म्हणून दुबई झाली असे सगळेच म्हणतात. तेल नव्हते तेव्हाच पाय अंथरुणाबाहेर गेले होते, आणि मग त्या पायांच्या मापाचे अंथरूण शिवले गेले.

एकदा जमले म्हटल्यावर शेखसाहेब थांबले नाहीत. १९७९ साली गावापासून पस्तीसेक किलोमीटर लांब, जिथे वाळूशिवाय काही नव्हते, तिथे जेबेल अलीचे प्रचंड बंदर बांधले. त्याच वर्षी ३९ मजल्यांचे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले. आजूबाजूला तेव्हा उजाड माळ होता. दोन्हींना पांढरा हत्ती म्हणणारे पुष्कळ होते. आज जेबेल अली जगातल्या गजबजलेल्या बंदरांत मोडते आणि ट्रेड सेंटर शंभर दिरहमच्या जुन्या नोटेवर छापलेले दिसते. नोट हातात आली तर खर्च करण्याआधी घटकाभर बघावी. चलनावर एखाद्या अव्यवहारी माणसाचे इतके सरळ कौतुक क्वचितच केलेले असते.

आता आपल्या आठवड्याकडे वळू. सात दिवसांची सहल म्हणजे सहा महिन्यांचे नियोजन हवे, आणि त्यात कसूर करू नये. प्रत्येक कुटुंबात बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. कामाची सूत्रे त्यांच्याकडे द्यावीत. ते एक्सेलमध्ये तक्ता करतात, आडव्या ओळींत वार, उभ्या रकान्यांत तास. ‘सकाळी ७.४० नाश्ता, ८.१५ लॉबी, ८.२० गाडी’ असे लिहितात आणि तक्ता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. खाली अंगठे येतात, नमस्कार येतात, आणि नागपूरच्या मावशी विचारतात, ‘यात झोपायचं कधी?’ काका शांतपणे उत्तर देतात, ‘विमानात.’ विमान मुंबईहून तीन-सव्वातीन तासांत पोचते, त्यामुळे झोप फारशी होत नाही. पण दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, आणि तो दीड तास काकांनी आधीच तक्त्यात भरलेला असतो. मला या तक्त्यांविषयी मनापासून आदर आहे. जिथे पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून आणावे लागते, ते गाव तक्त्याशिवाय एक दिवसही चालणार नाही.

सामान बांधताना खाण्याचा प्रश्न येतो. डबा न्यावाच. चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू खुशाल न्यावेत. फक्त खसखस नेऊ नये, अमिरातीत तिला बंदी आहे. म्हणजे अनारसे गेले, डिंकाचे लाडू गेले, आणि गोडा मसाला घरी केलेला असेल तर त्यात काय काय घातले होते ते आईला विचारून घ्यावे. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. अनारशाच्या एका अंगाला लागलेले ते बारीक दाणे तिथल्या कायद्याला अमली पदार्थ वाटतात, आणि विमानतळावर ‘आमच्याकडे दिवाळीत करतात’ या उत्तराचा उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट, स्वेटर न्यावा. बाहेर ४० अंश असताना मॉलमध्ये हात गारठतात. काही बसथांबेसुद्धा काचेने बंद केलेले आणि वातानुकूलित असतात. उन्हाळ्याच्या सहलीला निघताना बॅगेत सर्वांत वर लोकर ठेवायची, यातच दुबईची निम्मी ओळख होते.

एक दिवस बर्फासाठी राखून ठेवावा. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून छपराखाली बर्फाचा डोंगर आहे. चारशे मीटरची घसरण, तापमान शून्याखाली, आणि आत पेंग्विनसुद्धा. तिथे जाकिटे, बूट सगळे मिळते. मे महिन्यात तिथे आपली माणसे हमखास भेटतात. साडीच्या निऱ्या बुटांत खोचलेल्या, वर जाडजूड जाकीट, डोक्याला घरून आणलेला मफलर, अशी एक आजी मी तिथे कठड्याला धरून उभी असलेली पाहिली. नातू बर्फाचे गोळे मारत होता. आजीने वाकून चिमूटभर बर्फ उचलला, हुंगला आणि जिभेवर ठेवला. सून ओरडली, ‘आई, काय करताय!’ आजी म्हणाली, ‘खरा आहे गं.’ मनालीला बर्फ असणारच, त्यात कोणाचे कर्तृत्व नाही. इथला बर्फ कोणीतरी हट्टाने केलेला आहे, आणि रोज हट्टाने टिकवलेला आहे. त्याची चव घेऊन बघावीशी वाटणे अगदी बरोबर आहे.

बुर्ज खलिफाची वेळ सूर्यास्ताचीच घ्यावी. त्या वेळेचे तिकीट सगळ्यांत महाग असते, म्हणून शहाणे लोक सकाळी जाऊन येतात. पण ८२८ मीटर उंचीच्या त्या इमारतीत सूर्य खालच्यापेक्षा वर उशिरा मावळतो. २०११ साली तिथल्या धर्मगुरूंनी सांगितले होते की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा उपवास दोन मिनिटे उशिरा सोडावा, आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटे. उपास किती वाजता सोडायचा हे मजल्यावर ठरते, असे घर बांधणाऱ्या माणसांना मी मानतो. याही इमारतीचे बांधकाम संपत आले तेव्हा तिजोरी आटली होती. २००९ च्या अखेरीस दुबईची कर्जे थकली, शेजारच्या अबुधाबीने हात दिला, आणि ४ जानेवारी २०१० ला ज्या इमारतीचे ‘बुर्ज दुबई’ म्हणून उद्घाटन व्हायचे, तिला अबुधाबीच्या शेख खलिफांचे नाव मिळाले. लाज वाटून बांधकाम अर्धवट सोडणारे पुष्कळ असतात. दुबईने नाव देऊन टाकले आणि उंची तेवढीच ठेवली.

पाम जुमेराही चुकवू नये. २००१ साली समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचे बेट घालायला घेतले. वाळवंट दाराशी असताना वाळू आणली समुद्राच्या तळातून, कारण वाऱ्याने घासून गोल झालेली वाळवंटातली वाळू एकमेकांना धरत नाही. एवढे करून बेटावर उभे राहिले तर झाड काही दिसत नाही. समोर रस्ता, बाजूला घरे, पलीकडे पाणी. झाड बघायचे तर त्याच बेटावरच्या टॉवरचे तिकीट काढून ५२ व्या मजल्यावर जायचे. काहींना यात फसवणूक वाटते. मला वाटते, जमिनीवरच्या माणसाला कधीच न दिसणारा आकार इतका नीट काढणे यात निष्ठा आहे. वर जाऊन तिची दखल घेणे हे पाहुण्याचे काम.

डेझर्ट सफारीत ड्रायव्हर टेकड्यांशी पोचल्यावर खाली उतरतो आणि चारही टायरांतली हवा काढतो. चाक पसरट झाले की वाळूत रुतत नाही. मग गाडी टेकडीच्या धारेवरून तिरकी घसरते आणि मागच्या सीटवरची मंडळी देवाचे नाव घेतात. पिशव्या सीटच्या खिशात असतात. पैसे देऊन पोट ढवळून घ्यायचे आणि त्यानंतर लगेच तंबूत जेवायला बसायचे, हा क्रम उलटा करावा असे काकांनाही सुचत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुपारी साडेबारा ते तीन मात्र तक्त्यात बाहेरचे काही ठेवू नये. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात त्या वेळी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. मे महिना त्यात येत नाही. म्हणजे आपण थंडगार लॉबीत बसलेलो असताना काचेपलीकडे फेटा तोंडाला गुंडाळून कोणी तरी फरशा बसवत असतो. या शहराच्या वेडात सगळ्यांत मोठा वाटा त्या माणसाचा आहे आणि सगळ्यांत कमी मोबदलाही त्याचाच. तो बिहारचा असेल, नेपाळचा असेल, पेशावरचा असेल. त्याला पाहून पडदा ओढून घेऊ नये.

आपली माणसे या वेडात फार आधीपासून आहेत. खाडी उपसली जात होती तेव्हा दुबईत रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया चालत होता, १९५९ ते १९६६. मुंबईहून आखाताला जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत चालू होती. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान भाषा, ओळख, घर यांतले काही हाताशी नसताना निघाले. त्यांच्याकडे तक्ता नव्हता. खेड, दापोली, श्रीवर्धनकडच्या गावांत आज जे दुमजली बंगले दिसतात, त्यांतल्या कित्येकांचा पाया आखातात घातला गेला आहे. त्यांनाही घरच्या शहाण्या माणसाने सांगितलेच असेल की इतक्या लांब जाऊ नको.

म्हणून एक संध्याकाळ जुन्या खाडीवर घालवावी. बर दुबईच्या धक्क्यावरून पलीकडे देराला जायला अब्रा नावाची लाकडी होडी मिळते. मधल्या फळीवर माणसे पाठीला पाठ लावून बसतात, कठडा जवळजवळ नाहीच. भाडे एक दिरहम. नाण्यावर कॉफीची सुरई कोरलेली आहे. ते नाणे नावाड्याच्या तळव्यावर ठेवायचे, तो ते न बघताच पुढच्याकडे हात करतो. पाण्याला डिझेलचा वास येतो आणि पलीकडच्या धक्क्यावर इराणला जाणारी गलबते फ्रीज आणि टायर भरून घेत असतात. कर्ज काढून उपसलेली खाडी हीच. इथे आल्याशिवाय बाकीच्या मजल्यांचा हिशेब लागत नाही.

पलीकडे उतरले की सोन्याचा बाजार. तिथे काचेआड सुमारे ६४ किलो वजनाची एक अंगठी ठेवलेली आहे, ती कोणाच्याही बोटात जाणार नाही. घरच्या बायका तिच्यापुढे उभ्या राहून घडणावळ किती पडली असेल याचा अंदाज करतात. करू द्यावा. दुबईत पाढ्यांचा उपयोग चांगला होतो. दिरहम आता वीस रुपयांच्या बराच वर गेला आहे. तीसपर्यंत पाढे पाठ असलेली आपली जुनी पिढी पाण्याच्या बाटलीची किंमतसुद्धा क्षणात रुपयांत सांगते. मुलांना याचा त्रास होतो, ‘बाबा, गुणू नका ना’ म्हणतात. पण गुणावे. किंमत कळल्यावरही जो घेतो त्यानेच खरे घेतले. न गुणता घेणाऱ्याने नुसता खर्च केला.

शेवटच्या दिवसासाठी काकांच्या तक्त्यात अबुधाबी असते. शेख झायेद मशीद, २०२४ साली उघडलेले गुलाबी दगडाचे स्वामिनारायण मंदिर, आणि जाऊन-येऊन तीन तासांचा रस्ता. जरूर जावे, पण संध्याकाळी परत येताना गाडी दुबईतल्या करामा भागाकडे वळवावी आणि तिथे मिसळ मागवावी. सांगलीहून निघून, बुर्ज खलिफावरचा उशिराचा सूर्यास्त पाहून आलेल्या माणसाने दुबईत बसून मिसळ खाणे याला कोणी खुळेपणा म्हणेल. म्हणू द्यावे. प्लेट आली की आधी तर्री बघावी, मग नाक वर करून ‘आपल्याकडची नाही’ असे एकदा मोठ्याने म्हणावे, कारण टेबलावर ते कोणीतरी म्हणायलाच हवे, आणि मग जास्तीचा पाव मागवावा. वाढणारा मुलगा बहुधा मराठी बोलेल. त्याला गाव विचारावे. बिल काकांकडे द्यावे. त्यांचा पाढा तयारच असतो.