अदृश्य कुलपाची थोरवी

फुलंब्रीत सिल्लोड रस्त्याला गाळा घेतला की पहिला प्रश्न दाराचा. लोखंडी शटर म्हणजे दोन्ही बाजूंना कुलपं, वर ग्रीसचा खर्च आणि रोज सकाळी गावभर खडखडाट. गिऱ्हाइकांवर एवढा उघड अविश्वास सुसंस्कृत पेठेला शोभत नाही.

यात शनी शिंगणापूरचा आदर्श घ्यावा. दारांशिवाय राहणाऱ्या या गावात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली. श्रद्धेचा मान राखून दार पारदर्शक काचेचं केलं आणि तिजोरीचा मान राखून त्याला रिमोटवर चालणारं, सहजी न दिसणारं विद्युतचुंबकीय कुलूप लावलं. देवावर भाव आणि चुंबकावर भरवसा, असा समन्वय विरळाच. पुढे २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणं झालं, त्यालाही दर्शनी दार नव्हतं. फिर्यादीला कडी वाजवायचेसुद्धा कष्ट नकोत.

फुलंब्रीकरांनी आता एक पाऊल पुढे टाकावं. कुलपासारखा गल्लाही अदृश्य करावा. उधारी गिऱ्हाइकांनी आधीच केलेली आहे.

या कुलपाचा आणखी एक सद्गुण सांगायलाच हवा. वीज असेतोवरच ते दार धरून ठेवतं. वीज गेली आणि बॅटरीही नसली, की अत्यंत विनयाने सोडून देतं. म्हणजे दिवे गेले की अख्खी पेठ क्षणात शिंगणापूर!

फक्त 'ढकला' आणि 'ओढा' हे स्टिकर तेवढे रेडियमचे घ्यावेत. अंधारात आलेल्या पाहुण्याचा खोळंबा व्हायला नको.