यंत्राचे शीर्षासन
सोनीने १९९४ साली जपानात आणलेल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये तबकडी फिरेनाशी झाली की सारा दोष मोटारीच्या माथी मारला जाई. वस्तुतः झाकण लागल्याची वर्दी देणारे इवलेसे बटण दाबले गेले नाही, किंवा भिंगातून गेलेला लेसर किरण तबकडीवरून नीट परतला नाही, तर मोटारीला सहसा फिरण्याचा हुकूमच सुटत नाही आणि ती साहेबांच्या सहीवाचून अडलेल्या कारकुनासारखी ढिम्म बसते. सुरुवातीच्या यंत्रांत भिंग वाहणारा प्लास्टिकचा सरकता भाग झिजून भिंग कलंडे, आणि त्यावर अख्खे यंत्रच पालथे घालण्याचा जो उपाय (याला शास्त्र म्हणावे की नवस?) रूढ झाला, तो पुष्कळदा लागूही पडे. मोटार बदलणाऱ्याच्या पदरी मात्र नवी मोटार आणि जुनेच दुखणे पडे.