येरे माझ्या मागल्या

दोन वर्षं दातांवर तारा सोसल्या. दर महिन्याला आवळून घेतल्या, कणीस आणि चिक्की सोडली. तारा निघाल्या त्या दिवशी घरात पेढे वाटले. मग एके दिवशी आरशात बघतो तर खालचे पुढचे दोन दात पुन्हा एकमेकांना खांदा देऊन तिरके उभे, विरार लोकलच्या दारात उभे राहावेत तसे.

डॉक्टरांनी विचारलं, "रिटेनर लावता ना?"

लावत होतो की, तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा तो साचा. आधी रात्रंदिवस, मग रात्री, मग आठवलं तर, मग सापडला तर. पहिला एका लग्नात कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, तो उष्ट्याबरोबर गेला. दुसरा आईने उकळत्या पाण्यात 'स्वच्छ' केला. बाहेर आला तो कुणाच्याच तोंडाचा नव्हता.

दात म्हणे हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात, तंतूंवर तोललेले असतात. हिरडीतल्या तंतूंना तर जुनी जागा कित्येक महिने विसरवत नाही. शिवाय वयाबरोबर खालचे दात आपसूक दाटी करतात, कधी तारा न लावलेल्यांचेसुद्धा. मी अक्कलदाढेवर आळ घेतला. डॉक्टर म्हणाले, तिच्याविरुद्ध ठोस पुरावा नाही. अक्कल निर्दोष सुटली.

"मग रिटेनर किती वर्षं लावायचा?"

"दात आहेत तोवर."

हे वाक्य पहिल्या दिवशीच्या खर्चाच्या कागदावर कुठेच नव्हतं.

पुन्हा थोडं सरळ करून आता दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवली आहे. बाहेरून कुणाला दिसत नाही. मेथीच्या भाजीला मात्र ती रोज सापडते.