शेवटचा रंग केमचा

वेगवेगळ्या देशांतले छापचित्रकार हल्ली मिळून एखादं पुस्तक काढतात. एक पान जपानी लाकडी ठशाचं, एक मेक्सिकोच्या लिनोकटचं, एक बडोद्याच्या कुणाचं. खाली ज्याची त्याची सही. किंमत वाचली की आपण ते अलगद जागेवर ठेवतो. आमच्याकडे मात्र असली भागीदारी देवघरात खिळ्याला टांगलेली असते आणि तिचं कुणाला काही वाटत नाही.

रविवर्म्याची लक्ष्मी घ्या. चित्रकार त्रावणकोरचा. 1894 मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला, त्यासाठी यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. शिळाछापाचा नावाजलेला दगडही तिकडचाच, बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला. त्यावर तेलकट खडूनं चित्र उलटं काढायचं, दगड ओला करायचा. शाई कोऱ्या जागी धरत नाही, चित्राला तेवढी चिकटते. रंगागणिक दगड वेगळा. पुढे 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांत रविवर्म्यानं तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकूनही टाकला. म्हणजे कितीतरी घरांतली लक्ष्मी साहेबाच्या कारखान्यातून आलेली. सोवळ्यातल्या आज्यांना हे कुणी सांगितलं नाही तेच बरं.

मळवलीवरून जाणारे रूळ पुणे, दौंड करत सोलापूरकडे निघतात, तेव्हा कुर्डुवाडीच्या अलीकडे केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव उत्तरेश्वराचं आणि कुंकवाचं. हळदीला खार लागला की ती लाल होते. जुनं कुंकू याच किमयेवर व्हायचं. आता पिठात तयार रंग मिसळतात, पण केमचं कुंकू म्हटलं की बायका अजून भाव करताना जरा नमतं घेतात.

तर माझं म्हणणं असं, की मळवलीतून बाहेर पडलेली लक्ष्मी अर्धवटच होती. शेवटचा रंग राहिला होता आणि तो केमकडे होता. तो लावायला दगड लागत नाही, करंगळीशेजारचं बोट पुरतं. जर्मन कारागिरानं एका रंगावर दुसरा केसभरही सरकू नये म्हणून डोळे शिणवले असतील. आजीचा नेम त्या मानानं उदार. कपाळ साधलं तर साधलं, नाहीतर नाकाचा शेंडा. मागे माळ घेऊन उभ्या हत्तीलाही त्याचा वाटा मिळे, कारण तो उपाशी कसा राहील? शिवाय छापखान्याचं काम एकदा झालं की झालं, हिचं रोज सकाळी. काच नसलेल्या चित्रावर तर कुंकवाचा थर असा चढे, की लक्ष्मीला बघायला थोडं बाजूनं वाकावं लागे.

याच छापील देवींना पूर्वी हौशी बायका जरी-टिकल्यांनी नटवत. तशी चित्रं आता संग्राहक जपून ठेवतात, कौतुकानं दाखवतात. जरीला मान आणि कुंकवाला? जुन्या वस्तूंचा व्यापारी भिंग लावून म्हणणार, ‘डाग आहे, किंमत कमी होईल.’ त्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, खाली रविवर्म्याची सही आहे, छापखान्याचं नावही आहे. ज्या बाईनं यावर सगळ्यांत जास्त वर्षं काम केलं, तिची सही तूच पुसायला निघालास की!