शेरा न मारता

इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आलेला माणूस ओळखणं सोपं असतं. तो तुम्हालाही तिथे धाडायला बघतो. आमच्या लेखा शाखेत असे दोघे होते. ‘माणूस बदलतो हो,’ एवढंच सांगायचे. कसा, ते विचारलं की नुसते हसायचे. महाराष्ट्र शासन तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी परिवर्तित रजा देतं, हे मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि मला अध्यात्माची ओढ लागली.

अर्ज करण्याआधी मी जरा कागदपत्रं तपासली. सवय! विपश्यना भारतात परत आणली सत्यनारायण गोयंकांनी, १९६९ साली. जन्म मंडालेचा, घर मारवाडी व्यापाऱ्याचं. अर्धशिशीनं हैराण होऊन ते ज्यांच्याकडे गेले, ते सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. अकाउंटंट जनरल! कचेरीतल्या माणसांनाही ते ध्यानाला बसवायचे. हे वाचलं आणि मला माहेरी निघाल्यासारखं वाटलं. पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, अकराला जेवण, साडेनऊला दिवे बंद. असं वेळापत्रक कविमनाच्या गुरूला सुचायचं नाही. त्याला हिशेबाचाच माणूस लागतो.

फाटकाशी मोबाइल, पाकीट, पुस्तक सगळं जमा केलं. पेन देताना बोटं जरा अडली. बाकीच्यांना मोबाइलचं दुःख होतं, मला त्या लाल पेनाचं.

आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे. खाणाखुणा नाहीत, नजरानजर नाही. शेजारच्याला ‘तुम्ही कुठले?’ हे न विचारता मराठी माणसानं दहा दिवस काढायचे. आडनाव नाही, गाव नाही, खातं नाही. समोरच्याशी अदबीनं वागायचं की नुसतं बरं वागायचं, हे कळायला काही साधनच उरत नाही. मग डोकं आपली नोंदवही उघडतं. चपला दुसऱ्याच्या चपलांवर काढणारा. अंघोळीला बादली अडवणारा. आणि धम्मकक्षात सगळ्या उश्या गोळा करून सिंहासन रचणारा, जो रोज एकेका उशीनं उंच होत गेला.

शेजारच्या आसनाच्या बाजूनं ढेकर यायची. साधीसुधी नव्हे. आधी खोल कुठेतरी गुरगुर, मग एक विराम, त्यात आपण उगीच आशेनं थांबायचं, आणि मग ती यायची, तब्येतीनं. शेवटी सवयीचं ‘हरी ओम’ मौनामुळे गिळलं जायचं, आणि ते गिळल्याचंही ऐकू यायचं. डोळे मिटून बसायचं असल्यामुळे गुन्हेगाराकडे बघायचीही सोय नव्हती.

सुरुवातीचे साडेतीन दिवस आनापान. म्हणजे नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास आत गेला, बाहेर आला, बघा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. बदलायचा नाही, मोजायचा नाही, बरावाईट म्हणायचा नाही. सव्वीस वर्षं मी सरकारी कागदावर ‘नियमात बसत नाही’, ‘पुरावा जोडावा’, ‘फेरसादर करावे’ लिहीत आलोय. माझ्यासमोरून एवढा माल जातोय आणि मी शेरा मारायचा नाही? उजव्या नाकपुडीतून डावीपेक्षा कमी हवा येते हे माझ्या लगेच ध्यानात आलं. तफावत!

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, आणि तिच्याबरोबर अधिष्ठान. दिवसातून तीनदा, तासभर, हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं आणि समतेत राहायचं. माझा डावा गुडघा समतेच्या विरोधात होता. दुपारी आचार्यांना शंका विचारता येते, तेवढ्यापुरती वाचाही मिळते. मी रांगेत बसून माझी बाजू तयार केली.

‘‘गुडघा दुखतो.’’

‘‘बघा त्याच्याकडे.’’

‘‘बघितलं. फार वाईट दुखतो.’’

‘‘दुखतो हे गुडघ्यानं सांगितलं. फार वाईट कुणी सांगितलं?’’

वरिष्ठांनी टिपणी इतक्या कमी शब्दांत परत पाठवल्याचा अनुभव मला नवा होता. परत जाऊन बसलो. गुडघा दुखतच होता. पण त्याच्यावरची माझी टिपणी पंधरा पानांची झाली होती, तिच्यात वडिलांचा संधिवात होता, निवृत्तीनंतरचे जिने होते, मेडिक्लेमचा हप्ता होता. ती सगळी बाजूला केली तर खाली वीतभर जागेत एक ठसठस होती, आणि तीसुद्धा जरा बघत बसलं की कमीजास्त व्हायची. मला याचा थोडा रागच आला.

संध्याकाळी पाचला चहा, कुरमुरे आणि फळ. हेच रात्रीचं जेवण. जुन्या साधकांना तर फक्त लिंबूपाणी. सेवाज्येष्ठता वाढली की सवलती कमी होतात असं मी पाहिलेलं हे एकमेव आस्थापन. अशा वेळी खाली स्टेशनाकडून गाडीची शिट्टी यायची. कसारा घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला टेकली म्हणजे फलाटावर बटाटेवडे येतात, हे प्रत्येक मराठी साधकाला ठाऊक असतं. त्या क्षणी अख्ख्या कक्षात कुणाच्याही मनात श्वास नसावा.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीचं ध्यान होऊन मौन सुटलं. बाहेर झाडाखाली दीडशे माणसं एकदम बोलायला लागली. ऐकायला कुणी शिल्लक नव्हतं. मी शेजाऱ्याला गाठलं. बार्शीचे निघाले, बियाण्यांचं दुकान. पाच मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनीच आपुलकीनं विचारलं, ‘‘आता ढेकरांचं कसं आहे तुमच्या? ओवा घेत जा.’’ आम्ही दोघांनी मग हळूच मागच्या आसनाकडे बघितलं. तिथले गृहस्थ आवराआवर करत होते. शांत, तृप्त.

निघताना दानाचा टेबल. शुल्क नाही, राहण्याजेवणाचे पैसे नाहीत. शिबिर पुरं केलेल्यालाच दान देता येतं, तेही पुढच्यांसाठी. म्हणजे मी खाल्लेले कुरमुरे आधीच कुणीतरी भरून गेलेला. ‘‘माणशी खर्च किती येतो?’’ मी विचारलं. टेबलावरचे सेवक म्हणाले, ‘‘तुम्हाला वाटेल ते द्या.’’ नावाची नोंद नाही, येणे नाही, बाकी नाही, आणि तरी खातं चालू आहे. दिलं, पावती मात्र मागून घेतली.

सोमवारी कचेरीत रुजू झालो. रजेचा अर्ज, सोबत शिबिराचं प्रमाणपत्र. दुपारी फाइल परत आली. समासात लाल शाईनं लिहिलं होतं : ‘शिबिर १० दिवसांचे, रजा १२ दिवसांची. तफावतीचा खुलासा करावा.’ पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस धरला की बारा होतात, हे प्रमाणपत्रावरच्या तारखांत स्पष्ट दिसत होतं. मी काही बोललो नाही. नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावर, श्वास चांगलाच गरम लागत होता.